कशावरनं?

खानापूर सोडून आत वळलं की तिसऱ्या स्टॉपला
एकाच आवारात दोन शाळा,
मधे गुडघाभर भिंत
आणि भिंतीला टेकलेला एक काळा दगड.
अलीकडून तो मराठी होता,
पलीकडून कन्नड.
वाचला कुणीच नव्हता.
ओरखडे खोल होते, रांगेत होते,
तेवढं दोघांनाही पुरत होतं.

मीही एकोणीस वर्षं
सहावीच्या पोरांना उन्हात उभं करून सांगत आलो,
बघा, हा पुरावा.
आणि दरवर्षी त्याच शब्दावर
माझा गळा दाटायचा.

यंदा मीच एक खोडी केली.
फळ्यावर तारखेच्या शेजारी लिहिलं : कशावरून?
म्हटलं, कुणी काहीही सांगो,
हे विचारल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही.

महिनाभर मजा आली.
मुंगूस दिसलं की पेपर सोपा जातो, कशावरून?
कल्लाप्पानं सगळ्या चाचण्यांचे मार्क मांडले,
पुढं मुंगूस दिसलं, नाही दिसलं, असे रकाने आखले
आणि म्हणाला, "मुंगसाला गणित येत नाही, गुर्जी."
फोनवर आलेलं तीन डोळ्यांचं वासरू
नंदगडच्या बाजारात कुणालाच भेटलं नाही.
एक आई तक्रार घेऊन आली,
"ताटावर बसून इचारतंय,
भात इंद्रायणीचाच हाय कशावरनं?"
मी हसलो.
हसण्यासारखंच होतं तोवर.

मग दगडाचा दिवस आला.
मी "पुरावा" म्हणालो, गळा दाटणार इतक्यात
मागनं वैजयंता कुंभार,
नखांत कायमची माती असलेली,
"गुर्जी, ही अक्षरं हायत कशावरनं?"

कुठली अक्षरं, असं नव्हतं विचारलं तिनं.

उत्तर माझ्याकडं होतं, मोठं होतं.
त्यात आजोबा होते, काळ्या फिती होत्या,
मामाच्या पाठीवरचा लाठीचा वळ होता.
सगळं खरं होतं.
दगडाबद्दल त्यात एक वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं घरनं चिखल आणला,
कौलासाठी मळतात तसा मळलेला.
दगडावर थापला, दाबला, अलगद सोलून काढला
आणि भिंतीवर उलटा पसरला.
पलीकडची पोरं भिंतीवर चढली,
खडूचे हात पुसत हिरेमठ बाईही आल्या.
आम्ही दोघंही वाकलो,
दोघांनाही आपापलं दिसायला हवं होतं.
डोक्यावर रेघ नव्हती.
पोटात गोलाई नव्हती.

वैजयंता म्हणाली, "थांबा की जरा,"
आणि आईचा विळा घेऊन आली.
पात्याची धार एका खाचेत बसवली, बसली.
दुसऱ्या खाचेत, बसली.
सुगीला जाता जाता इथं कोण टेकत होतं,
विळा घासता घासता कुठल्या भाषेत
कुणाच्या सासूला नावं ठेवत होतं,
दगडानं काही धरून ठेवलं नव्हतं.

"आता पोरांना काय सांगायचं ओ, सर?"
बाईंनी विचारलं. मराठीत.
मला काही सुचलं नाही.
पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तसा त्या संध्याकाळी
मी परत परत त्या शब्दाकडं जात राहिलो.

वीसपैकी अठरा खाचांत विळा बसला.
दोन आडव्या होत्या, तिथं काही केल्या बसेना.
"ही तरी अक्षरं असतील," कल्लाप्पा पुटपुटला.
खोटं कशाला बोलू, मीही मनात तेच म्हणालो.

वैजयंतानं वहीत लिहिलं,
दोन रेघा. माहीत नाही.
खाली अर्धं पान कोरं सोडलं.
मी वही तपासली,
लाल पेन उघडून थोडा वेळ तसाच बसलो
आणि नुसती तारीख घातली.